गरीब देशांची कर्जमाफी : हप्ता थांबला म्हणजे कर्ज माफ झालं का?

तीनखोल्या :
मांद्र्याला घरामागे पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत, त्यावर आमचं चालतं. प्रश्न खरं तर मुलीचा. बारावीला आहे. कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे, विषय : महामारीनंतर गरीब देशांची कर्जं माफ करावीत. चिठ्ठीत तिला विरोधी बाजू आली. परवा जेवताना म्हणते, "पप्पा, सोपं आहे. त्यांना २०२० मध्ये सवलत दिलेली, तरी परत हात पसरतात." मी हुमणात भात कालवत होतो. हात तसाच राहिला, कारण २०२० ची सवलत मलाही मिळालेली.

माझी गोष्ट सांगतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँकेकडून १२ लाख काढले. ११ टक्के, दहा वर्षं, हप्ता १६,५३०. चोवीस हप्ते भरले, एक चुकला नाही. मार्च २०२० मध्ये मधल्या खोलीत एक रशियन जोडपं होतं, ते शेवटचं. मग विमानंच बंद. त्या पावसात गाद्यांना बुरशी लागली. वाळवायला ऊन नाही आणि झोपायला माणूस नाही. मार्चअखेर रिझर्व्ह बँकेचं मोरेटोरियम, म्हणजे हप्ते थांबवायची सवलत, आलं, आधी तीन महिने, मग ऑगस्टपर्यंत वाढवलं. शाखेत फोन केला तर म्हणाले, होय म्हणा नि सहा महिने विसरा. होय म्हटलं, विसरलो. सप्टेंबरात उतारा बघतो तर ९६ हप्ते बाकी होते ते १०५ झालेले. सहा थांबवले, नऊ वाढले. फेब्रुवारी २०२८ ला सुटणार होतो, आता मे २०२९.

तर दोन प्रश्न. त्या देशांना मिळालं ते माझ्यासारखंच की खरीच माफी? दुसरा मला जास्त टोचतो. आमच्या शेजाऱ्याने बायकोच्या पाटल्या मोडून सहाही हप्ते वेळेवर भरले. त्याने भरले, मी भरतोय, मग त्यांनी का भरू नयेत? शुक्रवारी स्पर्धा आहे.

निवृत्त_कारकून, म्हापसा :
तुमचा हिशेब ताडून पाहिला, बरोबर आहे. तेव्हा मुद्दल १०,५२,००० च्या आसपास असणार. सहा महिन्यांचं व्याज ५९,०००, ते मुद्दलात जाऊन बसलं. नोव्हेंबर २०२० चं पासबुक काढा, तेराशे-साडेतेराशे रुपये जमा दिसतील. ते व्याजावरचं व्याज. तेव्हा मला रोज फोन यायचे, "काका, व्याज माफ ना?" माफ झालं ते व्याजाचं व्याज, तेही दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला. पुढे मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा काढली, पण मूळ व्याज माफ करायला नकारच दिला.

देशांचं हुबेहूब असंच झालं, फक्त शून्यं जास्त. जी-२० ने एप्रिल २०२० मध्ये ७३ गरीब देशांना सांगितलं, दुसऱ्या सरकारांकडून घेतलेल्या कर्जाचे हप्ते हवे तर तूर्त थांबवा. मे २०२० ते डिसेंबर २०२१ ही योजना चालली. ४८ देशांनी घेतली, थांबलेली रक्कम १२.९ अब्ज डॉलर. पण हिशेबाची मांडणी अशी की धनकोचं एका पैचंही नुकसान होता कामा नये, म्हणजे व्याज चालू. परतफेड सुरुवातीला एक वर्ष सूट धरून चार वर्षांत, नंतर ती मुदत सहा वर्षं केली. म्हणजे २०२२ पासून वसुली अंगावर आली. आणि २०२२ कसलं वर्ष? युक्रेनचं युद्ध, गहू नि तेल महाग, अमेरिकेत व्याजदर वर. तुमच्या खोल्यांत तोवर पाहुणे यायला लागले असतील. त्यांच्याकडे कोण येणार होतं?

आणखी एक. आपल्याकडे निदान रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं की मोरेटोरियम घेतलं म्हणून सिबिल बिघडणार नाही. त्या देशांना ती हमी नव्हती. कॅमेरून, इथिओपिया, पाकिस्तान यांनी सवलतीसाठी हात वर केला तर मूडीज या पत ठरवणाऱ्या संस्थेने त्यांचं मानांकन उतरवण्यासाठी फेरतपासणीला लावलं. म्हणून कित्येकांनी अर्जच केला नाही.

खरी माफी एका खिडकीवर मिळाली. सुमारे तीस अतिगरीब देशांचे दोन वर्षांचे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हप्ते, दात्यांच्या पैशातून, नाणेनिधीने स्वतःलाच भरून घेतले. एक अब्ज डॉलरच्या आत बसलं सगळं. आणि खासगी धनको? हप्ते थांबवायला सगळ्या जगातून एकच पुढे आला.

खारवीवाडा७ :
आधी आपल्या राज्याच्या कर्जाचं बोला. आफ्रिका मागाहून.

निवृत्त_कारकून, म्हापसा :
वेगळा विषय काढा, तिथेही येतो.

फोंडेकरीण :
दादा, मी वकिलाच्या ऑफिसात काम करते. निम्मा दिवस इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांतल्या वाटणीच्या, फायलींत जातो, म्हणून मला हे प्रकरण कळायला वेळ लागला नाही. आजोबांचं घर, सात वारस. चार इथे, दोन मुंबईत, एक लिस्बनला. सहा जण सह्या करतात. लिस्बनवाला म्हणतो, आधी बाकीच्यांनी किती घेतलं ते दाखवा. तोवर छप्पर गळतं, वासे कुजतात, आणि वाटणी व्हायची वेळ येते तेव्हा घराची किंमत उरलेली असते फक्त जमिनीची.

कारकूनकाकांनी सांगितलं ते हप्ते थांबवण्याचं. खरोखर कर्ज कमी करायचं असेल तर त्यासाठी जी-२० ने नोव्हेंबर २०२० मध्ये दुसरी सोय काढली, 'समान चौकट' म्हणा. सगळे सरकारी धनको एका टेबलाशी, आणि खासगी धनकोंनीही तेवढंच सोडायचं. कागदावर चांगलं आहे. झांबियाचं बघा. त्याच नोव्हेंबरात त्यांनी रोख्यांच्या व्याजाचा ४.२५ कोटी डॉलरचा एक हप्ता चुकवला. २०२१ च्या सुरुवातीला अर्ज. सरकारी धनकोंशी ६.३ अब्ज डॉलरची तडजोड झाली ती जून २०२३ मध्ये, पॅरिसला. त्यातला सर्वात मोठा धनको चीन, तो या प्रकाराला नवखा. मग रोखेधारकांशी वेगळी बोलणी. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती जुळत आली तर सरकारी धनकोंनी अडवली, का तर रोखेधारकांनी पुरेसं सोडलेलं नाही. अखेर २०२४ मध्ये मिटलं. इतकी वर्षं त्या देशाला बाहेर कोण उधार देणार? तांब्यावर पोट आहे हो त्यांचं. श्रीलंका तर मध्यम उत्पन्नाचा देश म्हणून या चौकटीत बसलाच नाही, त्याला वेगळी समिती नेमावी लागली. जपान, फ्रान्स आणि आपण तिचे सहअध्यक्ष. आणि श्रीलंकेचं कर्ज हलकं करू असं नाणेनिधीला पहिलं आश्वासन जानेवारी २०२३ मध्ये भारतानेच दिलं, हे मुलीला मुद्दाम सांगा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं : शेजाऱ्याकडे मोडायला पाटल्या होत्या. २०२२ मध्ये श्रीलंकेत कागद आणायला डॉलर नाहीत म्हणून शाळेच्या परीक्षा पुढे ढकलल्या. पाटल्या मोडून झाल्यावरचं होतं ते.

तीनखोल्या :
ताई, पाटल्यांचं पटलं. वाटणीचं तर फारच, आमच्याही घरात एक लिस्बनवाला आहे, नाव काढत नाही. पण मुलगी म्हणते, आणि माझ्याही मनात तेच, की त्यांच्या पुढाऱ्यांनीच पैसे खाल्ले असतील तर? मी माझ्या बारा लाखांची वीट न वीट दाखवू शकतो.

तारवटी :
मी दाखवतो वीट. म्हणजे बोट.

बत्तीस वर्षं जहाजावर काढली. आजा लॉरेन्सो मार्किसला, म्हणजे मोझांबिकच्या आताच्या मापुतोला, नोकरीला होता, म्हणून तिथे जहाज लागलं की मी उतरायचो. एका फेरीला धक्क्यावर मासेमारीच्या बोटींची रांग बांधलेली. नव्या कोऱ्या, रंग तसाच, दोरांना मात्र शेवाळ. आमच्या वाड्यावर बोट जूनमध्ये वर काढतात ती ऑगस्टात पाण्यात जाते. ही रांग मोसमात उभी. धक्क्यावरच्या माणसाला विचारलं, "जात का नाहीत?" तो हसला नुसता.

त्या बोटी २०१३ च्या. कुपा (ट्यूना मासा) पकडायला म्हणून सरकारी कंपनीच्या नावावर ८५ कोटी डॉलरचे रोखे काढलेले. जोडीला आणखी दोन कंपन्यांची कर्जं, ती संसदेलाही न सांगता. सगळं मिळून दोन अब्जांच्या घरात. २०१६ मध्ये फुटलं तेव्हा नाणेनिधीने मदत थांबवली, त्यांचं चलन घसरलं. त्यांचा तेव्हाचा अर्थमंत्री मानुएल चँग २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दोषी ठरला. तर होय, खाल्ले. पण कर्ज देणारी क्रेडिट स्विस काय डोळे मिटून बसलेली? २०२१ मध्ये तिने सुमारे ४७.५ कोटी डॉलर भरून तडजोड केली आणि वर मोझांबिकचं २० कोटींचं येणं सोडलं. मंत्र्याने सही केली, बँकेने दलाली घेतली, आणि पाव महागला तो धक्क्यावरच्या माणसाचा. तिथेही पावाला पावच म्हणतात बरं का. तुम्ही विटा दाखवता कारण वीट तुम्ही विकत घेतलीत. त्याला बोट कुणी विचारून घेतली नव्हती.

बाकी वाद जिंकायचा तर मुलीला बाबुशचं सांगा. आंतोनियो कोश्त, मूळ मडगावच्या घराण्यातला. पोर्तुगालचा पंतप्रधान असताना जानेवारी २०२३ मध्ये केप व्हर्द या आफ्रिकेजवळच्या बेटांच्या देशाला गेला आणि सांगून आला, तुमच्याकडून आमचं १४ कोटी युरो येणं आहे, त्यातले २०२५ पर्यंतचे १.२ कोटी आम्हाला देऊ नका, तुमच्याच पर्यावरण निधीत घाला. रक्कम किरकोळ, पण पैसा कुठे गेला ते बघता येतं. असं असेल तर खाल्ल्याची भीती थोडी कमी.

फोंडेकरीण :
फक्त तो निधी कशावर खर्च करायचा हे धनको ठरवायला लागला की तेही एक प्रकारचं भाटकारपणच, जमीनदारीच. शाळा हवी की सौरऊर्जा, हे त्यांना विचारा.

तारवटी :
मान्य. पण शेवाळापेक्षा बरं.

तीनखोल्या :
सगळ्यांना देव बरें करूं. पासबुक सापडलं, काका. १,३२९ रुपये. मी तेव्हा ते गॅस सबसिडीचे समजलो होतो.

काल रात्री मुलीला हे सगळं वाचून दाखवलं. ती तोवर स्वतःच कुठून तरी एक आकडा घेऊन आली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये नाणेनिधीने सगळ्या देशांना मिळून ६५० अब्ज डॉलरचे हक्क (गरज पडली तर डॉलरसारख्या चलनात बदलून घेता येणारे) वाटले, आणि सर्वात गरीब देशांच्या वाट्याला आले त्यातले २१ अब्ज. मला म्हणाली, हे कसं? मी म्हटलं, आपल्या पतसंस्थेत लाभांश शेअरवर मिळतो ना, ज्याची गरज जास्त त्याला जास्त असं नाही, तसंच. चुकलो असेन तर सांगा. ती रागावली. माझ्यावर नव्हे बहुतेक.

बाजू बदलता येणार नाही म्हणाले सर. तर ती विरोधातच बोलणार, पण सुरुवात बदललीय : "अध्यक्ष महोदय, ज्याला माफी म्हणतात ती अजून दिलीच गेलेली नाही, तेव्हा ती परत मागतात म्हणून मी कशी रागावू?" सर म्हणतील ही तर दुसऱ्या बाजूची आहे. बघू. पाच मिनिटांत बोटी, झांबिया नि बाबुश तिन्ही बसत नाहीत, बोटी काढायला ती तयार नाही. १६,५३० चा कागद तिने माझ्याकडून घेतलाय, ९६ आणि १०५ ला लाल पेनने गोल केलाय. म्हणाली, "पप्पा, होय म्हणायच्या आधी हे का नाही काढलंत?"

काका, मे २०२९ च्या आधी दोन-तीन हप्ते एकदम भरले तर किती सुटतं, ते सवडीने सांगा. डिसेंबर बरा गेलाय.