बाटलीची मागची बाजू वाचा

बुटीक ब्रँडचं महागडं व्हिटॅमिन सी सीरम घ्यावं की केमिस्टकडचं साधं चालेल, या इथे विचारलेल्या प्रश्नावर थोडी भर. घटकांच्या यादीत एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड (म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी) असेल तर ते हवा, उजेड आणि उष्णता लागली की बिघडतं. म्हणून गडद काचेची, लहान बाटली बरी. द्रव तपकिरी झालं की फेकायचं, कितीही पैसे मोजले असले तरी. पारदर्शक काच आणि सोनेरी झाकण लावून हेच चढ्या भावाने विकणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं!

काजळ, लिपस्टिक बिनधास्त स्वस्तातली घ्या.

सनस्क्रीनमध्ये एसपीएफच्या (उन्हापासून संरक्षणाच्या) आकड्यामागे फार धावू नका. ३० वाला साधारण ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे उन्हातले किरण) अडवतो, ५० वाला ९८. पण हे आकडे भरपूर क्रीम लावून मोजलेले असतात. आपण वाटाण्याएवढं लावतो, तिथेच घोळ होतो. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून हवं. यूव्हीएसाठी (त्वचेत खोलवर जाणारे किरण) बाटलीवर 'पीए' या खुणेपुढची अधिकची (+) चिन्हं बघा, जास्त तितकी बरी. झिंक ऑक्साइडवालं असेल तर दुकानाबाहेर उजेडात जाऊन हातावर बघा, नाहीतर सावळ्या रंगावर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसतं.

आणि एका वेळी एकच नवीन वस्तू, तीही आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून. रेटिनॉलवालं (व्हिटॅमिन एचं एक रूप) काही गरोदरपणात नको, ते कुणी इथे लिहिलेलं दिसलं नाही.