काइसेकीतला तैवानी कोंब

काइसेकी म्हणजे एकामागून एक छोटे पदार्थ वाढलं जाणारं जपानी भोजन. मासा टोकियोहून आला नसेल तर ते काइसेकी कसलं, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. काइसेकीचा जीवच 'शुन'मध्ये आहे, म्हणजे त्या ऋतूत जे ऐन भरात असतं त्यात. तैवानचा उन्हाळ्यातला हिरव्या बांबूचा कोंब घ्या. टोक मातीबाहेर येऊन ऊन लागलं की तो कडवट होतो, म्हणून पहाटेच खणून काढतात. उकडून गार केलेली त्याची फोड नासपतीसारखी गोड आणि करकरीत! सोबत हलकीशी दाशी (जपानी सार), बास. आणि हिवाळ्यात तैवानच्या सामुद्रधुनीत येणाऱ्या बोयांची गाबोळी, खारवून, दाबून, उन्हात वाळवलेली. जपानी लोक तिलाच करासुमी म्हणतात. वासाबी हा झणझणीत जपानी कंदसुद्धा तैवानमधल्या आलिशान नावाच्या डोंगराळ भागात, तिथल्या जपानी अमलापासून (१८९५ ते १९४५) पिकत आलाय.