दिवा लागतो, पंखा फिरतो, पण ओव्हन तापतच नाही

खुसखुशीत:
60 लिटरचा बिल्ट-इन इलेक्ट्रिक ओव्हन, 230 व्होल्टचा. दोन नॉब आणि मध्ये छोटं डिजिटल घड्याळ. आतला दिवा लागतो, मागचा पंखा फिरतो, तापमानाचा लाल दिवा लागतो आणि तासभर विझतच नाही. पण वर, खाली, पंख्याभोवतीची गोल कॉइल, कशालाच धग नाही. गेले काही आठवडे अर्ध्या-पाऊण तासाने मध्येच गार व्हायचा, थोड्या वेळाने परत तापायचा. आता पूर्ण बंद. मल्टिमीटर आहे, वापरता येतो. कॉइल मागवू का?

पाना-पक्कड:
कॉइल मागवू नका. तीन कॉइली एकाच दिवशी जळत नाहीत. सगळंच गार पडलंय म्हणजे दोष त्या तिघींच्या सामाईक वाटेवर आहे.

आधी फुकटातलं बघा. घड्याळ ऑटोवर अडकलं असेल किंवा वीज जाऊन आल्यावर वेळ लावली नसेल, तर बरेच ओव्हन हीटर सुरूच करत नाहीत. वेळ लावून मॅन्युअलवर आणा.

मग न उघडता एक चाचणी. घरातलं बाकी सगळं बंद करून ओव्हन 200 अंशांवर लावा आणि वीजमीटरचा लुकलुकणारा लाल ठिपका बघत उभे राहा. मीटरवर प्रति युनिट 3200 पल्स लिहिलं असेल तर 2000 वॅटला सेकंदाला पावणेदोन वेळा, म्हणजे भराभर लुकलुकेल. नुसता दिवा आणि पंखा, साधारण 60 वॅट, चालू असेल तर एकदा लुकलुकल्यावर पुढच्याला एकोणीस-वीस सेकंद लागतील. तसं असेल तर हीटरपर्यंत करंट जातच नाही, आणि आता मागचा पत्रा काढायला हरकत नाही.

फेज-न्यूट्रल:
पत्रा काढून ओव्हन चालू करा आणि कॉइलच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. 230 आलं तर कॉइल गेली, नाही आलं तर सप्लाय. दोन मिनिटांचं काम.

ओहममीटर:
वरची चाचणी घरी करू नका. न्यूट्रलच्या बाजूला वाट तुटली असेल तर कॉइलच्या दोन टोकांमध्ये शून्य दिसतं, पण दोन्ही टोकं फेजवर असतात. मीटर "मेलंय" म्हणतो आणि हात लावणाऱ्याला झटका बसतो. सगळं काही वीज बंद ठेवून ओहमवर कळतं.

एमसीबी पाडा, प्लग काढा, पत्रा खोला. तारा काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घ्या. प्रत्येक कॉइलची निदान एक तार काढूनच मोजा, नाहीतर बाकीच्या जोडण्यांमधून फिरून आलेला आकडा दिसतो. 52,900 ला कॉइलच्या वॅटनी भागलं की अपेक्षित ओहम मिळतात: 2000 वॅटची गोल कॉइल 26 च्या आसपास, 1100 ची खालची 48, 900 ची वरची 59. पाच-दहा टक्के इकडेतिकडे चालतं. अनंत दाखवलं तर कॉइल तुटलेली.

टोक आणि कॉइलचं धातूचं कवच यांच्यामध्ये काहीच दिसता कामा नये. कॉइलमधली पांढरी भुकटी, मॅग्नेशियम ऑक्साइड, ओल धरते. तिथे गळती असेल तर ओव्हन लावताच आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडते. तुमची पडत नाही, पण मागचा पत्रा उघडलाच आहे तर बघून घ्या.

आता तुमचा लाल दिवा. बहुतेक नॉबवाल्या ओव्हनमध्ये तो थर्मोस्टॅटच्या, म्हणजे ठरलेल्या तापमानाला करंट तोडणाऱ्या-जोडणाऱ्या स्विचच्या, पुढे जोडलेला असतो. तो पेटतो म्हणजे थर्मोस्टॅट करंट सोडतोय. पुढे उरतात सिलेक्टर स्विच (कुठली कॉइल चालवायची ते ठरवणारा नॉब), एखादी जळकी लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) आणि हीटरच्या परतीच्या वाटेवरचा कटआउट, म्हणजे फार तापलं की करंट तोडणारा स्विच. "अर्ध्या तासाने गार, मग परत गरम" हे वाचून माझा पैसा कटआउटवर. रुपयाएवढी चकती, दोन पाय, मागच्या किंवा वरच्या पत्र्यावर दोन स्क्रूंनी बसवलेली, अंगावर अंश लिहिलेले. तारा काढून मोजा: गार असताना शून्याला चिकटून हवं. मधोमध बारीक बटण असेल तर ते दाबून बघा, "टक" आवाज आला की रीसेट झाला.

खुसखुशीत:
घड्याळ मॅन्युअलवरच होतं. मीटरचा ठिपका वीस सेकंदांनी एकदा. कॉइली: 27.1, 49, 60. कवचाशी काही नाही. कटआउटला बटण नाही, त्यावर 150 लिहिलंय आणि गार असूनही अनंत दाखवतोय. एका पायाची लग तपकिरी होऊन ठिसूळ झालीये. म्हणजे कटआउट बदलला की झालं?

ओहममीटर:
झालं नाही. कटआउट हा आजार नव्हे, तापाचा काटा आहे. आठ-नऊ अँपिअर वाहत असताना तो पुन्हापुन्हा उघडला, दर वेळी आत ठिणगी पडली आणि शेवटी संपर्क जळाले. तो का उघडत होता ते शोधा. संशयित दोन.

पहिला, वरचा कूलिंग फॅन. आतला पंखा वेगळा, हा खोक्याच्या माथ्यावर लांबट पिंजऱ्यासारखा असतो. बोटाने ढकलला की दोन-तीन फेऱ्या सहज फिरायला हवा. अडखळला तर आसावर तेलकट धूळ बसलीये किंवा बुश (आस ज्यात फिरतो ती बांगडी) सुकलंय.

दुसरा, थर्मोस्टॅटचे चिकटलेले संपर्क. त्याचा बल्ब, म्हणजे बारीक नळीच्या टोकाची तापमान ओळखणारी धातूची कांडी, क्लिपमधून हळूच सोडवा, नळीला तीव्र घडी पडू देऊ नका. वीज बंदच ठेवून मल्टिमीटर बीपवर लावा आणि थर्मोस्टॅटच्या दोन पायांना जोडा. बल्ब उकळत्या पाण्यात धरून नॉब 70 वर: मीटरची बीप थांबली पाहिजे. 150 वर नेलं की परत वाजली पाहिजे. दोन्हीकडे वाजतच राहिली तर थर्मोस्टॅट बाद.

खुसखुशीत:
थर्मोस्टॅट ठीक, 90 च्या जवळ टिचकी वाजते. कूलिंग फॅन मात्र हाताने अर्धी फेरीही फिरत नाही.

पाना-पक्कड:
सापडला. धूळ ब्रशने काढून बुशला उष्णता सोसणाऱ्या तेलाचा एक थेंब देता येतो, पण तो तात्पुरता उपाय. घट्ट झालेली मोटर बदललेलीच बरी. कटआउट त्याच अंशांचा आणि त्याच अँपिअरचा घ्या. ठिसूळ लग कापून तारेचा चकचकीत तांब्याचा भाग येईपर्यंत मागे सरका, निकेलची 6.3 मिमीची लग क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा. डाग देऊ नका (सोल्डर करू नका), सोल्डर तिथे वितळतं. तार बदलावी लागली तर सिलिकॉन किंवा फायबरग्लासची.

खुसखुशीत:
कटआउट यायला चार दिवस लागतील. तोवर दोन तारा एकत्र जोडून चालवला तर?

ओहममीटर:
नको. फॅन बंद आणि कटआउट गायब म्हणजे सिलेक्टर, घड्याळ आणि कपाटाचं लाकूड, सगळं ओव्हनच्या उष्णतेच्या स्वाधीन. ओव्हन बंदच ठेवा. पार्ट बसल्यावर पत्रा लावायच्या आधी प्लगच्या अर्थ पिनपासून ओव्हनच्या बॉडीपर्यंत मोजा, अर्ध्या ओहमच्या खाली हवं. मग पत्रा लावून, ओव्हन कपाटात सरकवून 180 वर तासभर रिकामा चालवा आणि दाराच्या वरच्या फटीपाशी हात धरा: तिथून कोमट वारा येत राहिला पाहिजे.