दोर्द्रेख्त (नेदरलँड्स): अर्धा दिवस पुरेल की मुक्काम करावा? सल्ला हवा

वेंगुर्लेकर_लेक

नमस्कार मंडळी. मे महिन्यात लेकीकडे रॉटरडॅमला जाते आहे. सोबत सासूबाई आहेत, वय ७६. सपाटीवर छान चालतात, पण जिने नको म्हणतात. ॲमस्टरडॅम वगैरे लेकीने ठरवलंय. मला मात्र एक तरी जुनं, नदीकाठचं गाव निवांत बघायचं आहे. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. डच वखारीच्या पडक्या भिंती बघत लहानाची मोठी झाले, त्यामुळे ही माणसं आपल्या मुलखात कशी राहायची याचं फार कुतूहल आहे. लेक म्हणते दोर्द्रेख्तला जाऊ, ट्रेनने वीस मिनिटांच्या आत पोचतो. किंडरडाइकच्या पवनचक्क्या आणि हे गाव एका दिवसात होईल का? आणि शाकाहारी जेवणाचं काय?

कालवाकाठ

एका दिवसात होतं, बरेच जण करतात. ट्रेनने जाऊ नका एवढंच सांगेन. रॉटरडॅमच्या इरास्मस पुलाखालून वॉटरबस सुटते, साधारण तासाभरात दोर्द्रेख्तच्या जुन्या भागात उतरवते. सासूबाईंना बसायला आरामशीर जागा मिळते, आणि वाटेत गोद्या, जहाजदुरुस्तीचे कारखाने, मालवाहू बोटी असं सगळं दिसतं. परत येताना दमलेल्या असाल तेव्हा ट्रेन घ्या.

तीन_नद्या

ताई, आम्ही बरीच वर्षं दोर्द्रेख्तमध्येच राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुक्काम कराच. किंडरडाइकला जोडून दोन तासांत गाव उरकणारे पाहुणे चर्चचा फोटो काढतात, आइस्क्रीम खातात आणि निघतात. या गावाचा जीव पाण्यात आहे आणि पाणी बघायला वेळ लागतो.

आधी तुमच्या वेंगुर्ल्याबद्दल. ती वखार ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची, तिच्या सहा शाखा होत्या: ॲमस्टरडॅम, मिडलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एन्कहाउझन. त्यांत दोर्द्रेख्त नाही. हे गाव त्याच्या कितीतरी आधी श्रीमंत झालं, आणि ते नदीवर. १२२० मध्ये शहराचे हक्क मिळाले. १२९९ मध्ये असा अधिकार मिळाला की नदीतून जाणाऱ्या व्यापाऱ्याने माल इथे उतरवून आधी इथेच विक्रीला मांडायचा. ऱ्हाइनवरून जर्मनीची वाइन यायची, धान्य यायचं, आणि जंगलात तोडलेले ओंडके एकत्र बांधून त्यांचे अवाढव्य तराफे वाहत यायचे ते इथे येऊन सुटायचे. आजही वाइनस्ट्राट म्हणजे वाइनवाल्यांची गल्ली आणि काउपर्सहाफन म्हणजे पिंपं बनवणाऱ्यांचा धक्का, हे पत्ते जसेच्या तसे आहेत.

ग्रोटहोफ्ट नावाचं टोक आहे, तिथे जाऊन बसा. बेनेडन मेरवेडे येते आणि तिच्या दोन वाटा होतात: एक नोर्ड, दुसरी आउडं मास. तीन पात्रं एका नजरेत. युरोपातल्या सगळ्यात गजबजलेल्या नदीनाक्यांपैकी हे एक. एकामागून एक मालवाहू बोटी येतात, काठोकाठ भरलेली असेल तर तिची कड पाण्याला टेकलेली दिसते. मागच्या केबिनच्या खिडक्यांना जाळीचे पडदे, कुंड्या, आणि छपरावर घरची मोटारगाडी उभी. कुटुंबं त्या बोटींवरच राहतात. तुम्ही किनाऱ्यावरच्या आहात, तुम्हाला आणखी एक गोष्ट लगेच जाणवेल: समुद्र एवढा लांब असूनही इथे भरती-ओहोटी कळते. धक्क्याच्या दगडावर ओल्या-सुक्या रेषा बघा.

आता जे मार्गदर्शक सहसा दाखवत नाहीत ते सांगतो. फोरस्ट्राट ही इथली मुख्य बाजारपेठ. ती रस्ता नाही, बांध आहे. नदीचं पाणी अडवणारा जुना बांध, त्याच्यावरच दुकानं आणि घरं. दारांच्या चौकटींपाशी खाली नीट बघितलंत तर दोन्ही बाजूंना उभ्या खाचा दिसतील. वादळात पाणी चढलं की त्या खाचांमध्ये फळ्या सरकवून दारं बंद करतात. पुलावर उभं राहून त्याच घरांच्या मागच्या बाजू बघा, भिंती थेट पाण्यातून वर आलेल्या आहेत. ही भीती खरी आहे. १४२१ च्या नोव्हेंबरात सेंट एलिझाबेथच्या पुरात शेजारचा सगळा सुपीक मुलूख बुडाला, गावं गेली, आणि दोर्द्रेख्त बेटासारखं उरलं. बुडालेल्या त्या जमिनीवर पुढे बीसबॉसचं पाणथळ रान तयार झालं. बीव्हर तिथे १९८८ पासून पुन्हा आणून सोडले आहेत. बोटीची सफर मिळते.

संग्रहालयांत एकच निवडायचं तर हाउस फान खाइन. १७२९ चं व्यापाऱ्याचं घर. सिमॉन फान खाइन हा बँकर आणि संग्राहक तिथे राहायचा, त्याच्या वेळची मांडणी तशीच ठेवली आहे: सोनेरी चामड्याने मढवलेली भिंत, स्वयंपाकघर, वरती जुनी खेळणी. माणसं कशी राहायची हे तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर तिथे आहे.

पोथीपाने

हेट हॉफ राहिलं की! १५७२ च्या जुलैमध्ये हॉलंडमधल्या बंडखोर शहरांचे प्रतिनिधी तिथे जमले आणि स्पेनच्या राजाविरुद्ध विल्यम ऑफ ऑरेंजला आपला नेता मानलं. आजच्या नेदरलँड्सची सुरुवात तिथून सांगतात. त्याच जागी छान संग्रहालय आहे. आणि १६१८-१९ ची प्रोटेस्टंट धर्मसभाही याच गावातली. डच भाषेतलं अधिकृत बायबल तयार करायचं तिथेच ठरलं, १६३७ मध्ये ते छापून आलं. ती सभा भरली ती इमारत मात्र आता उभी नाही. डोर्द्रेख्त्स म्युझियममध्ये आल्बर्ट काउपची चित्रं बघा. तो इथलाच. त्याच्या चित्रांमधला पिवळसर उजेड संध्याकाळी नदीवर प्रत्यक्ष दिसतो. मला तर हे गाव बघायचं खरं कारण तेच वाटतं.

देव्हेंटरकर

थोडं वेगळं मत. नदीकाठचं जुनं गावच हवं तर देव्हेंटरचाही विचार करा. आयसेल नदी, ब्रिंक नावाचा मोठा चौक, १५२८ चं वजनघर, आणि पलीकडून गाव बघायला छोटी होडी. दोर्द्रेख्तपेक्षा मोकळं आणि शांत वाटतं.

तीन_नद्या

देव्हेंटर सुंदरच आहे, पण रॉटरडॅमहून दूर पडतं. सोबत ७६ वर्षांच्या आजी असताना मी तरी एवढा प्रवास सुचवणार नाही.

वेंगुर्लेकर_लेक

किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी! त्या दारांच्या खाचा बघायच्याच आहेत आता. मुक्काम ठरला. चर्चच्या मनोऱ्यावर चढावंच लागतं का? आणि कुठले वार धरू?

तीन_नद्या

मनोऱ्याला २७५ पायऱ्या आहेत, तुम्ही आणि लेक जा. आजींना खाली चर्चमध्येच बसवा. यान टेरवेनने सोळाव्या शतकात कोरलेली लाकडी आसनं आहेत, ती जवळून बघण्यात अर्धा तास सहज जातो. मनोरा तिरका दिसला तर नजरेचा दोष समजू नका. जमीन मऊ, वजनाने तो कलला, म्हणून ठरलेल्या उंचीपर्यंत बांधलाच नाही.

सोमवार टाळा, संग्रहालयं बंद असतात. शुक्रवारी या, त्या दिवशी बाजार असतो. दुपारी फान खाइन, संध्याकाळी ग्रोटहोफ्ट. शनिवारी सकाळी किंडरडाइक: १९ पवनचक्क्या, बहुतेक १७४० च्या आसपासच्या, पाणी उपसायला बांधलेल्या. रस्ता सपाट आहे, आजींना जमेल. वॉटरबस थेट आहे की मध्ये बदलावी लागते ते त्या दिवसाचं वेळापत्रक बघून ठरवा.

कालवाकाठ

जेवणाची काळजी करू नका. सुरीनामी रोटीचं दुकान शोधा. भोजपुरी मुलखातून सुरीनामला गेलेल्यांच्या वंशजांचं जेवण: मऊ रोटी, बटाट्याची भाजी, चवळीच्या लांब शेंगा. शाकाहारी मागितलं की अंडं आणि कोंबडी नको हेही सांगा. आजींना घरचं वाटेल. आणि ट्रेनला बँकेचं कार्ड टॅप करून चालतं, पण प्रत्येकाचं वेगळं कार्ड लागतं आणि उतरल्यावर पुन्हा टॅप करायचं.

तीन_नद्या

हॉटेल घेण्याआधी लिफ्ट आहे का ते लेकीला फोन करून विचारायला सांगा. जुन्या घरांमधल्या हॉटेलांचा जिना शिडीसारखा उभा असतो. नसेल लिफ्ट, तर तळमजल्याची खोली आत्ताच मागून ठेवा.