मदत हवी आहे: नुसत्या पिस्टनच्या रिंगा बदलाव्यात की सिलिंडर रिबोअर करावा (आतून कापून मोठा करावा)?

माझ्या जुन्या, एक सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक मोटरसायकलचे हेड आणि सिलिंडर मी घरीच उतरवले आहेत. निळा धूर येत होता, म्हणून आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजले. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजल्यावर आकडा बराच वाढला, त्यामुळे संशय रिंगांवर गेला. तरीही हेड उलटे ठेवून चेंबरमध्ये रॉकेल ओतले, तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेने दहा मिनिटांत ओल दिसलीच, म्हणजे तो व्हॉल्व्हही नीट बसत नाही.

वरची रिंग पिस्टनने सरळ ढकलून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) रिंगेच्या टोकांमधली फट मोजली, तर सिलिंडरच्या तळाशी, जिथे झीज होत नाही, ती ०.३५ मिमी आणि वर, रिंग जिथून परत फिरते तिथे, ०.६० मिमी भरली. या फरकाला ३.१४ ने भागल्यास बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वर सुमारे ०.०८ मिमी रुंदावला आहे, असा माझा हिशेब आहे. उभे ओरखडे नखाला लागत नाहीत, पण होनिंगच्या (आतली भिंत दगडाने घासण्याच्या) तिरप्या रेघा पार पुसल्या गेल्या आहेत.

एवढ्या झिजेवर होनिंग करून स्टँडर्ड रिंगा बसवल्या तर त्या टिकतील का, की ओव्हरसाइज (थोड्या मोठ्या मापाच्या) पिस्टनसह रिबोअरच करावे? तसेच व्हॉल्व्ह हाताने लॅप करण्यापूर्वी (पेस्ट लावून सीटवर घासून बसवण्यापूर्वी) गाइडमधील (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीतील) ढिलेपणा घरच्या घरी कसा तपासावा?