सहा वर्षं गोठ्यात उभी असलेली मारुती 800 घ्यावी का?

सांगलीकर: मामेसासऱ्यांची 1998 ची गाडी, कार्ब्युरेटरवाली. शेजारी म्हैस. पत्रा बरा, पण मागची चाकं जाम. मामा म्हणतात, "पंधरा हजार दे आणि ने." नवी बॅटरी लावून स्टार्टर मारून बघू का?

जुना मिस्त्री: अजिबात नको! आधी इंजिनाचे तिन्ही स्पार्क प्लग काढा, त्यांच्या भोकांत थोडं थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं फिरवा. फिरलं तर पेढे वाटा. टाकीतलं पेट्रोल ओतून काढा, सहा वर्षांत त्याचं चिकट वार्निश झालेलं असतं. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या झडपा चालवणारा पट्टा, नवा टाका. हँडब्रेक ओढून ठेवला होता ना? म्हणून मागची चाकं जाम, ब्रेकचे शू ड्रमला चिकटलेत.

कागदवाली: आणि आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, वर पर्यावरण कर. ते बघूनच पैसे द्या.

सांगलीकर: इंजिन फिरलं! एअर फिल्टरच्या डब्यात मात्र उंदराचं अख्खं बाळंतपण झालेलं. आरसी 2018 लाच संपलीय. मामा आता दहावर आलेत, पण म्हणतात टपावरचं शेण तूच धू.

जुना मिस्त्री: आठ म्हणा.