यतीच्या पाऊलखुणा आणि शेर्पांवरचा खोटेपणाचा ठपका

रानवाटा:
‘यती, म्हणजे हिमालयातला कथित हिममानव, ही पर्यटकांचे पैसे उकळण्यासाठी शेर्पांनी रचलेली थाप आहे’ अशा आशयाचे एक टिपण काल वाचले आणि सविस्तर उत्तर दिल्यावाचून राहवले नाही. उत्तर नेपाळात दोन पायांवर चालणारा केसाळ प्राणी पाहून आपले शिकारी पळून आले, ही नेपाळमधले ब्रिटिश अधिकारी ब्रायन हॉजसन यांची नोंद १८३२ साली छापली गेली. तेव्हा, आणि त्यानंतरही शंभरहून अधिक वर्षे, नेपाळ परकीयांना जवळजवळ बंदच होता; मग ही थाप मारायची तरी कुणाला? १९२५ साली सिक्कीममध्ये झेमू हिमनदीजवळ ताठ चालणारी आकृती छायाचित्रकार टोंबाझी यांनी पाहिली, तर १९५१ साली मेनलुंग हिमनदीवर ठशाशेजारी बर्फकुऱ्हाड ठेवून छायाचित्र घेतले ते ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन यांच्या तुकडीने. यतीचा गाजावाजा बाहेरच्यांनी केला आणि लबाड ठरले ते डोंगरातले लोक, हे मला सहन होत नाही.

काटेकोर:
हॉजसन यांनी तो प्राणी स्वतः पाहिलेला नव्हता, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे गाळलीत. यतीचे म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांची डीएनए तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतले आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा. अस्वलाचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर अर्धवट पडला की दोन ठसे मिळून एकच लांबलचक पाऊल दिसते. भारतीय सैन्याने एप्रिल २०१९ मध्ये नेपाळमधल्या मकालू शिखराजवळच्या ३२ बाय १५ इंचांच्या ठशांची छायाचित्रे यतीच्या नावाने प्रसृत केली, तेव्हा एवढा साधा विचार कुणालाच सुचू नये याची खंत वाटते. राहता राहिली नेपाळमधल्या खुमजुंग या शेर्पा गावात जपलेली ‘यतीची टाळू’, म्हणजे डोक्यावरचे केसाळ कातडे. ती सेरो या शेळीसारख्या प्राण्याच्या कातड्याची निघाली. याला फसवणूक म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

डोंगरयात्री:
त्या टाळूची हकिगत पूर्ण सांगा. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांच्या १९६०-६१ च्या मोहिमेने ती तपासणीसाठी मागितली, तेव्हा गावाने ती परत आणण्याच्या अटीवर दिली आणि खुम्जो चुंबी हे गावचे वडीलधारे तिच्यासोबत शिकागो, पॅरिस, लंडन असे फिरले. ज्याला फसवायचे असते, तो आपली वस्तू अशी जगभरच्या तज्ज्ञांपुढे ठेवत नाही. खरा अन्याय नेपाळमधल्याच पांगबोचे गावच्या बौद्ध मठावर झाला. तिथल्या ‘यतीच्या हाता’चे बोट यतीच्या शोधात आलेल्या पीटर बर्न यांनी परदेशी नेले, ते वर्षानुवर्षे लंडनच्या संग्रहालयात राहिले आणि उरलेला हात पुढे मठातून चोरीला गेला.

काटेकोर:
मठाला देणगी देऊन संमतीनेच बोट घेतले, असे बर्न यांचे म्हणणे होते. शिवाय २०११ साली ते बोट माणसाचे ठरले, हे आपण का लिहिले नाहीत?

डोंगरयात्री:
माणसाचे असले म्हणून ते मठाचे राहत नाही काय? पूजेतली वस्तू मोडून न्यायची आणि तिच्या तपासणीचा निकाल त्याच मठाच्या तोंडावर फेकायचा, याला शोधकार्य म्हणण्याची माझी तयारी नाही. आपण कधी अशा मठाच्या पायरीवर बसून तिथल्या वृद्धांचे ऐकले आहे काय?

हिमरेषा:
दोघांनीही आवाज खाली आणावा. एका पदभ्रमणात सकाळी उमटलेले आमच्याच बुटांचे ठसे मी दुपारी परतताना पाहिले. उन्हाने त्यांच्या कडा वितळल्या होत्या, तळाची नक्षी पुसली गेली होती आणि पाऊल इतके रुंदावले होते की सोबतच्या एका अनुभवी गिर्यारोहकाने ते आपले असल्याचे मान्यच केले नाही. मात्र आमच्या शेर्पा वाटाड्याने क्षणात ओळखले. संध्याकाळी यतीच्या गोष्टी रंगवून सांगत होता तो आमचा शहरी सहल-आयोजक. वाटाड्या त्याविषयी अवाक्षरही बोलला नाही.

काटेकोर:
एका वाटाड्यावरून सगळ्यांचा निवाडा होत नाही. तरीही टाळू तपासणीला देणाऱ्या गावाला फसवे म्हणणे योग्य नव्हते, एवढे मान्य करतो. पुराव्यांत अस्वलच आहे, यावर मात्र मी ठाम आहे.

रानवाटा:
अस्वलाला माझा विरोध कधीच नव्हता. गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर यांनीही तिबेटमधल्या १९८६ च्या स्वतःच्या अनुभवानंतर अखेर अस्वलच मानले. माझा आक्षेप ‘थाप’ म्हणण्याला होता आणि आहे. मूळ टिपणकर्त्याने ते वाक्य काढून टाकावे, ही मागणी मी पुन्हा करतो.